कानाचं ताईला सांगितलंस, मला नाही

नाशिक
रविवार, दुपार

चि. ओमू,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो आई, हो आई" करून मोकळा होतोस, आणि सध्या तुला उजव्या कानानं नीट ऐकूही येत नाही असं कळलं. कळलं ते ताईकडून. "आईला सांगू नको, ती लगेच डॉक्टर होते," असं तू तिला बजावलंस, तेही तिनंच सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी तू तिलाच सांगितलंस. त्यातून काय समजायचं ते मी समजले.

तर आता मी लगेच डॉक्टर होते, तीही पायलटांची मेडिकल तपासणी करणारी. आधी कान, मग बाकीचं. बाकीचं फार लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

मंगळवारी नाक चोंदलेलं असताना तू ट्रेनिंगचं विमान घेऊन गोंदियाहून नागपूरला परतलास, साडेसहा हजार फुटांवरून उतरताना कानात कळ निघाली, आणि तेव्हापासून कान भरल्यासारखा वाटतोय, स्वतःचाच आवाज आत घुमतोय. यावरून पडदा आत ओढला गेला असणार आणि त्याच्यामागे थोडं पाणी सुटलं असणार. तसं असेल तर काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, ते आपसूक जिरतं. पण पडदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे कोणीच खात्रीनं सांगू नये, मीसुद्धा. धंतोलीत दर चार पावलांवर दवाखाना आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, ओटोस्कोपनं पडदा बघून घे आणि टिम्पॅनोमेट्री कर, म्हणजे पडदा दाबानं किती हलतो त्याचा आलेख. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही. आलेख सपाट आला तर बहुधा मागे पाणी आहे. शिखर दिसतंय पण डावीकडे, उणे दाबाकडे सरकलंय, तर बहुधा पाणी नाही, नुसता आतला दाब कमी आहे. त्याला दिवस कमी लागतात.

तोवर कानात काहीही घालायचं नाही. पडद्याला भोक नाही हे कळेपर्यंत केमिस्टनं दिलेले थेंबसुद्धा नाहीत. आजी लसणीचं कोमट तेल सांगेल. तिला हो म्हण आणि घालू नकोस. औषध कानात नाही, नाकात लागतं, कारण पडद्यामागच्या पोकळीला, मध्यकर्णाला, हवा पुरवणाऱ्या नळीचं तोंड नाकाच्या मागे उघडतं. ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब सकाळी आणि रात्री, तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे चालू ठेवलेस तर थेंब बंद केल्यावर नाक आधीपेक्षा घट्ट चोंदतं आणि मग माणूस महिनोन्‌महिने थेंबांच्या नादी लागतो. थेंब घालताना आडवं पड, खांद्याखाली उशी घे, मान मागे टाक, थेंब टाकल्यावर डोकं दुखऱ्या कानाच्या बाजूला वळवून मिनिटभर तसाच राहा. उभ्यानं टाकलेले थेंब घशात जातात. शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, हलक्या हातानं. आणि नाक दाबून जोरात फुंकायचं अजिबात नाही; सर्दी असताना ते केलं की नाकातली घाण थेट मध्यकर्णात ढकलली जाते. त्याऐवजी नाक दाब आणि पाण्याचा घोट गीळ. कानातून पाणी किंवा रक्त आलं, गरगरलं, कानात शीळ वाजायला लागली किंवा ऐकू येणं एकदम कमी झालं, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असली तरी.

विमानात बसायचं नाही. बाजूला इन्स्ट्रक्टर असला तरी नाही, "फक्त सर्किट मारायचेत, विमानतळाभोवतीच फेऱ्या, हजार फुटांचंच काम आहे" असं असलं तरी नाही. कधी बसायचं तेही सांगते. सर्दी पूर्ण गेलेली असली पाहिजे, नाक थेंबांशिवाय मोकळं असलं पाहिजे, नाक दाबून हलकेच फुंकल्यावर दोन्ही कान सारखेच आणि एकाच वेळी उघडले पाहिजेत, आणि त्या वेळी पडदा हलतोय हे डॉक्टरनं बघितलेलं असलं पाहिजे.

आता तू मनात म्हणत असशील, लोक पस्तीस हजार फुटांवर सर्दी घेऊन जातात, मी साडेसहा हजारांवर गेलो तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. मोठ्या विमानात केबिनमधला दाब साधारण आठ हजार फुटांच्या आतच ठेवलेला असतो आणि उतरताना तो मिनिटाला तीन-साडेतीनशे फुटांच्या हिशेबानं, हळूहळू वाढवतात. तुझ्या छोट्या सेस्ना विमानात बाहेर जो दाब तोच आत, आणि तू मिनिटाला पाचशेनं उतरतोस. शिवाय हवा खाली दाट. तितकेच हजार फूट वर उतरलास आणि जमिनीजवळ उतरलास, तर जमिनीजवळ दाब जास्त बदलतो. साडेसहा हजारांवर हवेचा दाब सुमारे ७९६ हेक्टोपास्कल, आणि नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, तिथे ९७७ धर. फरक १८१. आमच्या भाषेत सुमारे १३५ मिलिमीटर पारा. मध्यकर्ण आणि बाहेरची हवा यांत ९० मिलिमीटरच्या आसपास फरक पडला की नळी उघडणारे स्नायू हरतात. मग गीळ, जांभई दे, काही कर, ती उघडत नाही. ओली झालेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की चपटी होऊन चिकटते, तशी ती आतून चिकटते. ९० मिलिमीटर म्हणजे तुझ्या त्या उंचीवर सुमारे पावणेचार हजार फूट. म्हणजे एकदाही कान न उघडता तू तेवढं उतरलास की पुढचं सगळं दुखणं ठरलेलंच.

आणि म्हणूनच जाताना काही होत नाही. वर चढताना आतली हवा स्वतःच वाट काढून बाहेर पडते, चोंदलेल्या नाकातूनसुद्धा. माणसाला वाटतं, जमलं की! थेंब घालून उडणाऱ्यांचं तर आणखी वाईट: चढताना थेंबांचा असर असतो, उतरायच्या वेळेला तो ओसरलेला असू शकतो. विमानात बसताना नाक मोकळं होतं हा पुरावा धरायचा नाही.

वर असतानाच लक्षात आलं तर काय करायचं, हे तुला शिकवलं असेलच, तरी लिहिते. दुखायच्या आधीच, उतरणं सुरू करतानाच गिळायला लागायचं, दर दोन-तीनशे फुटांना. कळ आली की उतरणं थांबवायचं, कंट्रोलला सांगून परत थोडं वर चढायचं, कान सुटेपर्यंत. मग मिनिटाला अडीचशे फुटांनी. साडेसहा हजारांवरून सर्किटच्या दोन हजारांवर (म्हणजे जमिनीपासून हजार) यायला पाचशेनं नऊ मिनिटं लागतात, अडीचशेनं अठरा. ११५ नॉट धरले तर अठरा मिनिटांत साडेचौतीस नॉटिकल मैल होतात, म्हणजे विमानतळ पस्तीस मैलांवर असतानाच उतरायला लागायचं. कंट्रोलला "कान दुखतोय, हळू उतरतो" म्हणण्यात कमीपणा नाही. तो तुला जागा करून देतो, त्याचं कामच ते आहे. पण त्यासाठी सांगावं लागतं. तुझं घोडं तिथेच अडतं.

मला खरी भीती दुखण्याची नाही. कान दुखून कोणी मरत नाही. भीती आहे ती एक कान उघडला आणि दुसरा बंद राहिला याची. दोन्ही बाजूंचा दाब वेगळा झाला की मेंदूला वाटतं डोकं फिरतंय, आणि सगळं जग गरगरायला लागतं. काही सेकंद, कधी मिनिटभर. जमिनीवर माणूस भिंतीला धरतो. तू त्या क्षणी बेसवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीकडचं शेवटचं वळण, वळत असशील, जमिनीपासून पाच-सहाशे फुटांवर, ६५ नॉटवर, एका पंखावर कललेला. तिथे रडर जरा जास्त दाबला गेला, नाक जरा वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, की सावरायला लागते तेवढी उंचीच तुझ्याकडे नाही. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि मंगळवारी तू एकटा होतास.

हे वाक्य मी खोडलं होतं, परत लिहिलं.

सातवीत असताना कबड्डीच्या मॅचच्या दिवशी तुला ताप होता. बाकीची मुलं शाळा बुडवायला थर्मामीटर चहात बुडवतात, तू तो माठात बुडवलास. ९५ दाखवत होता! पारा इतका खाली बघून आजी घाबरली आणि तिनं तुला दोन ब्लँकेटं गुंडाळली. आम्ही किती दिवस हसत होतो त्यावर, सुहासकाका तर अजून सांगतो. आता मला ते आठवून हसू येत नाही. म्हणजे येतं, पण पूर्ण येत नाही.

तू विमानाच्या बाबतीत असा नाहीस, हेच मला कळत नाही. दिवाळीत बाबांना तू अर्धा तास समजावत होतास: तुमच्या सेस्ना १७२ एसला तेरा ठिकाणांहून इंधन काढून बघायचं, दोन्ही पंखांखाली पाच-पाच आणि पुढे पोटाखाली तीन. रंग निळा हवा, तळाशी पाण्याचा बुडबुडा नको. तेल पाच क्वार्टच्या खाली असलं तर सुरूच करायचं नाही. १८०० आरपीएमवर इंजिनाला ठिणगी देणारा एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचा, आरपीएम १५० पेक्षा जास्त पडला किंवा दोघांतला फरक ५० च्या वर गेला तर विमान परत जागेवर आणायचं. बाबांनी विचारलं, "आणि १६० पडला तर? थोडक्यासाठी?" तू म्हणालास, "थोडक्यासाठी नाही बाबा, पडला म्हणजे पडला. परत आणायचं आणि डिफेक्ट लिहायचा." किती ठामपणे म्हणालास! मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, मला फार बरं वाटलं.

मग त्याच विमानात बसणाऱ्या माणसाचा डिफेक्ट कोण लिहिणार? "आय ॲम सेफ" तुम्हाला पाठ करायला लावतात: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, खाणंपिणं. तेरा ठिकाणी बाटली लावून बघतोस, ही सहा मात्र मनातल्या मनात "हो, हो, हो" करून टाकतोस.

झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर. तुझ्या बाबांनी वाचलं तर म्हणतील, पोराला आधीच बरं नाही, त्यात तू.

पण औषधांचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुझ्या खोलीत केमिस्टकडून आणलेली सर्दीची पाकिटं असणार. मागची बारीक अक्षरं वाच. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. त्यानं झोप येते हे सगळ्यांना माहीत आहे. झोप गेली असं वाटल्यानंतरही हात-डोळ्यांचा मेळ मंद राहतो, हे कोणी लक्षात घेत नाही. अमेरिकेची विमान नियामक संस्था, एफएए, शेवटच्या गोळीनंतर पाच दिवस थांबायला सांगते. सेटिरिझिननं "मला नाही येत झोप" म्हणणारे पुष्कळ भेटतात, तरी तीही उडण्याच्या आसपास नको. फेक्सोफेनाडिन त्यातल्या त्यात बरी, पण पहिली गोळी जमिनीवर असताना घेऊन बघायची. नाक मोकळं करायला त्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन घालतात, त्यानं छातीत धडधडतं. पॅरासिटामॉलला हरकत नाही, फक्त ज्यासाठी ती घ्यावी लागली त्या दुखण्याला हरकत आहे.

खोकल्याचं कोडीनवालं औषध शिवायचंसुद्धा नाही. आपल्याकडच्या विमान नियामकानं, डीजीसीएनं, २०२२ पासून नशेच्या पदार्थांच्या अचानक तपासण्या सुरू केल्या आहेत, त्यात अफूच्या जातीची औषधं येतात आणि कोडीन त्यातलंच. ब्रेथ ॲनालायझरचं तर तुला माहीतच आहे: उड्डाणाआधी बारा तास थेंब नाही आणि फुंकल्यावर आकडा शून्यच यायला हवा. माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, होमिओपॅथीच्या थेंबांत असतं, आणि आजीनं डब्यात घातलेल्या द्राक्षासवातही असतं. आसव-अरिष्टं मुळात आंबवूनच करतात, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. भूक लागते म्हणून ती प्रेमानं देते. ती बाटली रूमवर ठेवू नकोस, मेसच्या काकांना देऊन टाक. आजीला मी काय ते सांगेन.

पाण्याचंही एकदा बोलायचं होतं. वर गेल्यावर लघवीला लागेल म्हणून तुम्ही पोरं सकाळपासून पाणी पीत नाही. नोव्हेंबरात खपून जातं. एप्रिल-मेमध्ये नागपुरात ४५ अंश असतात, काचेखाली त्याहून जास्त, तिथे दोन तासांत डोकं जड व्हायला लागतं आणि आकडेमोड चुकायला लागते. आणि मुतखडा झाला तर तो निघाल्याचं सोनोग्राफीत दिसेपर्यंत मेडिकल अडकतं. निघायच्या तासभर आधी अर्धा लिटर, मग जाऊन ये, वर घोट-घोट. एवढंच. रिकाम्या पोटी जाऊ नकोस हे आईनं सांगायचं असतं म्हणून सांगते, तू ऐकणार नाहीस.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तू का लपवलंस हे मला न कळायला मी काही आज या कामाला लागलेली नाही. तुझ्या वयाची मुलं मेडिकलला येतात, अर्जातल्या प्रत्येक प्रश्नापुढे "नाही"वर सरळ रेषेत टिका केलेल्या असतात. कधी चक्कर? नाही. सर्दी, सायनस? नाही. झोपेचा त्रास? नाही. वीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही नाक गळलं नाही! त्यांना वाटतं टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई आपलं करिअर संपवायला बसली आहे. टेंपररी अनफिट हे दोन शब्द ऐकले की चेहरा पांढराफटक पडतो. अरे, त्यातला पहिला शब्द टेंपररी आहे. दुखणं बरं झालं, कागद दाखवले, परत तपासणी, परत फिट. आणि तुझ्या सर्दीला तर तेवढंही लागत नाही. आयकावच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, ॲनेक्स १ मध्ये सरळ लिहिलेलं आहे की आपली तब्येत उतरली आहे हे माहीत असताना परवाना वापरायचा नाही, मेडिकल सर्टिफिकेट चालू असलं तरी. म्हणजे तू फक्त चीफ इन्स्ट्रक्टरना "सर, सर्दी आहे, आज नाही" म्हणायचं. पाच शब्द! दुखण्यानं मेडिकल थांबतं, ते पुन्हा सुरू होतं. खोट्या अर्जानं परवानाच जातो.

पावसाळ्यात तुझे तास रखडले हे मला दिसतंय. परवान्यासाठी २०० तास पुरे करायचे, त्यात १०० पीआयसी, म्हणजे स्वतः कमांडमध्ये, वर ती ३०० नॉटिकल मैलांची दोन विमानतळांवर उतरायची क्रॉस कंट्री अजून बाकी. पुढच्या मुलांची बॅच आली की विमान मिळत नाही. आणि दिवाळीत बाबांनी प्लॉटचा विषय काढला तो तू मनाला लावून घेतलास, हे मी तेव्हाच तुझ्या तोंडावरून ओळखलं. तो विषय प्लॉटचा होता, तुझा नव्हता. आमचं ठरलेलं आहे, वेळ लागला तर लागला. तुझ्या एका उड्डाणानं आमचं काही वाचणार नाही आणि काही बुडणार नाही. हे मी बाबांना विचारून लिहीत नाहीये, पण तेही हेच म्हणतील.

उद्या एअरलाइनमध्ये गेलास की हे आणखी अवघड होणार आहे, म्हणून आत्ताच इतकी मागे लागते. तिथे सर्दीच्या जागी थकवा येतो, आणि थकव्याला ओटोस्कोप नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोपायला मागतं, कितीही कॉफी प्या. मंगळुरूचा अपघात तुम्हाला शिकवला असेल. २२ मे २०१०, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं, दुबईहून रात्री उडून आलेलं विमान. चौकशी अहवालात म्हटलंय की कमांडर वाटेत बराच वेळ झोपले होते. गाढ झोपेतून उठल्यावर माणूस बोलतो, हालचाल करतो, पण पुढची पंधरा मिनिटं, अर्धा तास त्याचा निर्णय ताळ्यावर नसतो. विमान उंच आलं, वेगात आलं. उजव्या सीटवरच्या सहवैमानिकानं गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर चला, असं म्हटलं होतं, आणि एकदाच नाही. विमान टेबलटॉपच्या, डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या, टोकावरून खाली गेलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. नियम त्यानंतर बदलले, अजूनही बदलतायत, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर आणलीय, रात्रीची लँडिंग कमी केलीत. नियम मोजतो ते तास. तू त्या तासांत झोपलास की नाही हे फक्त तुलाच माहीत असतं. पहिली काही वर्षं त्या उजव्या सीटवर तू असशील. "मी आज ठीक नाही" हे ज्याला स्वतःबद्दल म्हणता येत नाही, त्याला "सर, गो अराउंड" हे दुसऱ्याला ठणकावून कसं म्हणता येईल, हे मला रात्री दोन वाजता सुचतं.

बघ, मी किती वेळा तेच तेच लिहिलं. चौथ्या पानावर आले.

चांगलं काहीच लिहिलं नाही असं व्हायला नको. तुझ्या सोलोचा, एकट्यानं विमान उडवलंस त्याचा, व्हिडिओ बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला दाखवला, लिफ्टमनलासुद्धा. लँडिंगनंतर पोरांनी तुझ्यावर बादली ओतली तो भाग त्यांना आवडतो. मला त्याच्या आधीचा आवडतो, तू रेडिओवर फायनल कॉल देतोस तो. इतका शांत, एक शब्द जास्त नाही. घरात जेवायला बोलावलं तर तीन हाका मारूनही ओ न देणारा हाच का तो, असं वाटलं. ओझरकडून सुखोई आलं की गच्चीवर धावणारा, कानावर हात न ठेवता उभा राहणारा. तेव्हापासून तुझ्या कानांची मला काळजी, आता बोल!

तुझं मेडिकल मी करू शकत नाही आणि करूही नये, तो प्रश्नच नाही. पण कान बघायला आईला परवाना लागत नाही. हवं तर दोन दिवस नाशिकला ये, विदर्भ एक्स्प्रेसनं संध्याकाळी बसलास की पहाटे नाशिकरोड. विमानानं मुळीच येऊ नकोस, ते पोरकटपणाचं होईल.

नाही जमलं तर सुहासकाका शुक्रवारी नागपूरला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवते. चिवडा, शंकरपाळे, आणि मिठाच्या पाण्याचा नाकातला स्प्रे, बिनऔषधाचा, तो कितीही दिवस मारलास तरी चालतो. ऑक्सिमेटाझोलीन आजच आणून सुरू कर, डब्याची वाट बघू नकोस. तारीख लिहून ठेव, म्हणजे पाचवा दिवस कळेल.

उद्या सोमवार. आधी चीफ इन्स्ट्रक्टरना सांग, मग डॉक्टर. टिम्पॅनोमेट्रीचा कागद मिळाला की त्याचा फोटो पाठव, दोन्ही कानांचा. ताईला नको. मला.

तुझी
आई